पाण्याची पाळी आणि फुरसत

आमच्या घरून कुणी निघालं की आई दारापर्यंत जाऊन म्हणायची, "अब फुरसत से आना." घरात आमची हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, अंगणापलीकडे झाडीबोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी. 'फुरसत' हा शब्द मात्र तिन्हीकडे चालायचा. पंचविशीत मी तो एका कवितेत वापरला. ज्यांच्याकडे कविता पाठवली त्या जाणत्या गृहस्थांनी तो खोडून तिथं 'अवकाश' लिहिलं. शब्द परका आहे, म्हणाले. मी गप्प बसलो, कारण कविता छापून यायला हवी होती. पण मनात कुसळ राहिलं ते राहिलंच.

ते काढायला मी शब्दकोश चाळू लागलो. वेळ काही डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे 'भरपूर वेळ आहे' हे सांगायला प्रत्येक भाषेला दुसऱ्या कशाची तरी उसनवारी करावी लागते. इंग्रज 'प्लेंटी ऑफ टाइम' म्हणतो. या 'प्लेंटी'च्या मुळाशी लॅटिनमधला 'भरलेला' असा अर्थ आहे. आमच्या राइस मिलमधल्या धानाच्या ढिगाकडे पाहून म्हणावं, तसंच वेळेबद्दल म्हटलेलं. त्यांचा दुसरा शब्द 'लेझर'. त्याचं मूळ 'मुभा असणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. म्हणजे वेळ आहे, पण कुणीतरी दिला म्हणून. ग्रीकांचा निवांतपणाचा शब्द 'स्कोले', त्यावरूनच पुढे 'स्कूल' आलं. हे मी आमच्या नातवंडांना सांगितलं, तेव्हा ती दप्तरं उचलता उचलता हसली.

आपला 'अवकाश' म्हणजे मोकळी जागा. 'गाडीला अजून अवकाश आहे' म्हणताना आपण वेळ जागेसारखा मोजतो. सुंदर शब्द आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही.

आणि फुरसत? ती फारसीच्या वाटेनं मराठीत आली, पण मूळची अरबी. अरबी कोशांत त्या शब्दाचा एक जुना अर्थ दिला आहे: पाणी वाटून घेणाऱ्या माणसांतली आपली पाळी. पाणी थोडं, माणसं अनेक. ज्याची पाळी आली त्याची ती 'फुरसा'. त्यावरून संधी आणि संधीवरून सवड.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कारण मी ज्या मुलखातला, तो गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचाच मुलूख. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. असे गावोगावचे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि 'माजी मालगुजारी' या सरकारी नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. रोवणी झाल्यावर पावसानं दगा दिला की तलावाचं पाणी पाटानं बांधीत घ्यायचं, तेही पाळीनं. रात्री दोनला पाळी आली तर दोनला कंदील घेऊन जायचं. चुकली की धान करपलं. अशा मुलखात 'फुरसत' हा शब्द परका कसा म्हणायचा?

घड्याळाची गोष्ट तर याहून गमतीची. इंग्रजी अमलात आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. नागपूर-हावडा मार्गावरचं आमचं गोंदिया मद्रासच्या जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, ८० अंशांच्या किंचित पुढे. त्यामुळे इथल्या स्टेशनचं घड्याळ आणि इथला सूर्य यांचं योगायोगानं जमत असे. १ जानेवारी १९०६ रोजी साडेब्याऐंशी अंशांवरची भारतीय प्रमाणवेळ आली आणि घड्याळ सूर्याच्या नऊ मिनिटं पुढे गेलं. मुंबईनं तर हट्टानं आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालवली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आमच्याकडे नऊच मिनिटं, म्हणून कुणाला त्यांची खंत वाटली नसावी. पण मशिदीतल्या नमाजच्या वेळापत्रकात ती अजून दिसतात. दुपारचा सूर्य गोंदियात माथ्यावर येतो तो सरासरीनं बारा वाजून नऊ मिनिटांनी. वडील ते वेळापत्रक पाहून म्हणत, "स्टेशनची बारा वेगळी, आपली वेगळी." तेवढी नऊ मिनिटं ते ओसरीवर निवांत बसत, बिडीसुद्धा पेटवत नसत.

पुढे संग्रह निघाला, तेव्हा त्या कवितेतला 'अवकाश' काढून मी 'फुरसत' परत लिहिली. आईला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली आणि शब्द खोडल्याची, परत लिहिल्याची सगळी हकीकतही सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "इसमें क्या हुआ? हम तो यही बोलते हैं."