पेठांतील वास्तव्य : वाडा, पाणी व भाडें

१. पुण्याच्या जुन्या वाड्यांचें वर्णन करतांना सुरूदार खांब, महिरपी व दिंडीदरवाजे यांकडे लेखकाचें लक्ष प्रथम जातें. परंतु त्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसें राहिलीं तीं कोणत्या व्यवस्थेच्या आधारें, हा प्रश्न बहुधा बाजूस राहतो. प्रस्तुत लेखांत त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे. ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपणानें वेढलेली जागा, यापासून आला. ‘चौक’ हा ‘चतुष्क’ शब्दाचा अपभ्रंश. कसब्यांतील कुंभारवाडा म्हणजे कांहीं एक घर नव्हे, ती कुंभारांची वस्ती. तात्पर्य, या शब्दांच्या मुळाशीं भिंतींपेक्षां त्यांनीं वेढलेली समाईक जागा आहे. ती जागा पाणी आणि राहण्याचा करार या दोन गोष्टींवर टिकून होती, व त्या दोहोंत पालट पडला तेव्हां वाडा मोडूं लागला, असें माझें मत आहे.

२. पेठ म्हणजे मूळची बाजारवस्ती. कसबें हें त्यांत सर्वांत जुनें. शनिवार पेठेचें पूर्वींचें नांव मुर्तजाबाद, रविवारचें मलकापूर, सोमवारचें शहापूर व शुक्रवारचें विसापूर. थोरल्या बाजीरावांनीं शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला व २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली. राज्यकारभार पुण्यास स्थिरावला तसे सरदार, सावकार व कारकून यांचे वाडे भोंवतीं उठले. तांबट आळी, बोहरी आळी अशा धंदेवाल्यांच्या वस्त्याही भरभराटीस आल्या. दगडी जोतें, सागवानी सांगाडा, विटामातीच्या भिंती, देवडी, चौक, ओसरी, माजघर, मागें परसूं व आड, असा वाड्याचा सर्वसाधारण क्रम होता. घराचें माप खणांत सांगत.

३. परंतु आडाच्या पाण्यावर वाढतें शहर निभणें कठीण होतें. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी शहरांत आणलें. हा बांधीव नळ भूमीखालून येतो. माणूस आंत उतरून चालूं शकेल एवढी त्याची पोकळी आहे. जागोजाग ठेवलेल्या उच्छ्वासांतून कोंडलेली हवा निघून जाई व गाळ काढण्याची सोय होई. पाणी केवळ उतारानें वाहे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें त्या योजनेचीं स्मारकें होत. त्यांपैकीं कित्येक ठिकाणीं हौद नाहींसा होऊन नांव तेवढें उरलें आहे.

४. हें पाणी सर्वांस सारखें मिळत होतें असें मात्र समजूं नये. ज्यांस अस्पृश्य मानीत त्यांस हौदाजवळ येण्याची बंदी होती. इ. स. १८६८ मध्यें जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला केला, तो या बंदीवरील प्रत्यक्ष आघात होता. वाड्यांतील एकोप्याचें गुणगान करणारांनीं कुंपणाबाहेर कोण राहिला, हेंही सांगितलें पाहिजे.

५. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली व वाडेवाल्यांचें उत्पन्न आटलें. एकेका कुटुंबाचा वाडा अनेक बिऱ्हाडांचा झाला. माजघरास फळ्यांचे आडोसे लागले, ओसरीवर चूल पेटली. खडकवासल्याचें धरण १८७९ मध्यें पुरें झालें. पुढें घरोघर नळ येत गेले तसें हौदाचें महत्त्व ओसरलें. १८९७ च्या प्लेगांत दाट वस्तीचे हाल झाले, आणि १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून आलेल्या पुरांत नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळून गेल्या.

६. याहून सावकाश पण खोल परिणाम भाड्याच्या कायद्याचा झाला. मुंबई सरकारच्या १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण धरलें. त्यामुळें कारकून, शिक्षक, विधवा यांचें छप्पर राखलें गेलें, हें त्याचें श्रेय नाकारतां येत नाहीं. पण पुढें त्या भाड्यांत कौलें शाकारणेंही मालकास परवडेना, आणि बिऱ्हाडकरूनें दुसऱ्याच्या घरास पैसा घालावा कां? दोघेही आपल्या परीनें बरोबर. वाडा मात्र टेकूंवर आला. १९९९ चा कायदा २००० सालीं अमलांत येऊन दरसाल शेंकडा ४ वाढ मिळूं लागली, ती मूळच्या तुटपुंज्या भाड्यावरच.

७. आज पेठेंत राहणें म्हणजे मंडई, देऊळ, शाळा व ग्रंथालय पायांच्या अंतरावर असणें; तसेंच समाईक शौचकूपापुढें उभें राहणें व दर पावसाळ्यापूर्वीं ‘धोकादायक’ अशी नोटीस दारावर लागलेली पाहणें. अशा घरांतून जो सदनिकेंत जातो त्यास दोष देणें अन्यायाचें होय. आमच्या कौतुकासाठीं कोणीं पडक्या भिंतीखालीं निजावें, असें म्हणण्याचा अधिकार संशोधकास नाहीं. बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत १८४८ मध्यें मुलींची शाळा निघाली. मालकी, भाडेकरू व स्मारक यांचा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला आणि डिसेंबर २०२३ मध्यें जीर्ण इमारत पाडली गेली. ज्या वास्तूची कीर्ति एवढी, तिचीही ही गति. मग निनांवी वाड्यांची कथा काय सांगावी?

८. वाडे सर्वच राखतां येणार नाहींत. त्यांची नोंद मात्र राखतां येईल, आणि तिला मुदत आहे: पाडकामाचा दिवस. त्यापूर्वीं जोत्याचा नकाशा व खणांचें माप घ्यावें; आड, हौद वा उच्छ्वास असल्यास त्याची जागा टिपावी; कोणत्या खोलीत कोणतें बिऱ्हाड केव्हांपासून, हें वृद्धांस विचारून लिहावें. खरेदीखतें व गहाणखतें मोडी लिपींत म्हणून, आणि भाडेपावत्या क्षुल्लक म्हणून, रद्दींत जातात. परंतु राहत्या माणसांचा इतिहास यांच वाटेनें हातीं लागावयाचा आहे. कोरीव खांबास गिऱ्हाईक मिळतें, पावत्यांच्या जुडग्यास मिळत नाहीं. पेठेंतील वाचकांनीं आपल्या घरचें असें एकेक जुडगें सोडून पाहावें, ही विनंति.