तबकडीवर नाव कोणाचे?

बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय अमेरिकन जाझ-गायिकेने उमेदीच्या काळातील कित्येक गाणी १९५० नंतर नव्या वाद्यरचनेत पुन्हा ध्वनिमुद्रित केली. आवाज थकल्यावर जुन्या यशाची केलेली उजळणी, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी लावला. हा अर्थ अपुरा आहे. ती गाणी पूर्वी कोणत्या अटींवर गायली गेली, हे आधी पाहिले पाहिजे.

१९३०नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना आला. रचना नाचणाऱ्यांसाठी बांधलेली असे. पंधराएक वादकांच्या मध्ये गायिकेच्या वाट्याला थोडा वेळ येई, मग पुन्हा वाद्ये. १९३७ साली बिली काउंट बेसीच्या वृंदात गेली. दोघांचे करार वेगळ्या कंपन्यांशी होते. त्यामुळे त्यांची एकत्र तबकडी निघाली नाही. रेडिओवरची मोजकी गाणी तेवढी उरली. १९३८ साली ती आर्टी शॉच्या गोऱ्या वृंदात गायली. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात तिला मालवाहू लिफ्टने जाण्यास सांगण्यात आले. लवकरच तिने तो वृंद सोडला. १९४२ साली पॉल व्हाइटमनच्या वृंदाबरोबर तिने 'ट्रॅव्हलिन लाइट' गायले. पुन्हा कराराची अडचण आली आणि तबकडीवर तिच्या नावाऐवजी 'लेडी डे' हे टोपणनाव छापले गेले. आवाज तिचा, नाव मात्र झाकलेले!

१९४७ साली अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तिला कारावास झाला. सुटल्यावर न्यूयॉर्कमध्ये, जिथे मद्य विकले जाई अशा ठिकाणी, गाण्याचा परवाना तिला मिळेना. म्हणजे रोजच्या भाकरीचा दरवाजाच बंद. उरली सभागृहे, परगावचे कार्यक्रम आणि तबकड्या. जुन्या गाण्यांकडे ती वळली ती या परिस्थितीत.

१९५६ साली तिने 'ट्रॅव्हलिन लाइट' पुन्हा गायले. आता साथीला वादकांचा छोटा संच होता आणि तबकडी तिच्या स्वतःच्या नावाची होती. बेसीबरोबर १९३७ साली रेडिओवर गायलेले 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' तिने १९५७ साली असेच नव्याने घेतले. आवाज खरबरीत झाला होता, पल्ला आखडला होता. पण वाद्ये आता तिच्या शब्दासाठी थांबत होती. पूर्वी गाण्यात तिला जागा दिली जाई; आता गाणे तिच्याभोवती बांधले जात होते.

अर्थात यातून तिची मुक्ती झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ही गाणी इतरांनी लिहिलेली होती आणि कंपन्याही इतरांच्याच होत्या. १९५९ साली रुग्णालयात अंथरुणाला खिळलेली असताना पोलिसांनी तिला अटक केली. १७ जुलै रोजी ती तिथेच वारली. वय अवघे ४४.

१९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून घेतले. काळ्यांचे साहित्य आपण वाचतो, त्यांच्या संगीताचा इतिहासही वाचला पाहिजे. त्यासाठी १९४२ आणि १९५६ ची ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. आवाजाच्या गोडव्यावरच कलावंताचे मोल ठरवले, तर पहिले ध्वनिमुद्रण सरस वाटेल. पण गाण्यावर हक्क कोणाचा, असा प्रश्न विचारला की दुसऱ्याची थोरवी कळते.