कान्हेरीची वाट आणि कॅमेऱ्याचे ओझे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावरून एक जुना पुठ्ठ्याचा खोका खाली आला आणि त्यात मामांनी काढलेला एक मोठा फोटो सापडला. कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीतील ती प्रचंड बुद्धमूर्ती, आणि तिच्या पायाशी उभा असलेला एक सडपातळ माणूस. फोटोच्या पाठीवर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘कान्हेरी, लेणे 3, नोव्हेंबर 1964. भोक 32. 12 सेकंद.’ तो फोटो हातात घेतला आणि साठ वर्षांपूर्वी दुखलेला खांदा पुन्हा ठणकल्यासारखा झाला.

मामांचा घाटकोपरला लहानसा स्टुडिओ होता. लग्नाचे आणि शाळांचे ग्रूप-फोटो काढण्यासाठी त्यांच्याकडे एक सागवानी फुलप्लेट कॅमेरा होता : कातडी भाता, पाठीमागे घासलेली काच, वर पांघरायला काळे फडके. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत मामा म्हणाले, “काय रे, येतोस का कान्हेरीला? मात्र तिवई तुला उचलावी लागेल हं!” मी मोठ्या उत्साहाने होकार दिला. घाटकोपरहून दादर, दादरचा पूल चढून पलीकडची गाडी, मग बोरिवली. पुलावरच तिवईने माझा खांदा सोलून काढला. कॅमेरा, तीन दुहेरी स्लाइडी, भिंगे आणि तिवई मिळून सामान पंधराएक किलो भरले असेल. पुढे कान्हेरीपर्यंत चारपाच मैलांची चाल होती.

“एवढा मोठा कॅमेरा हवाच कशाला?” असे मी कुरकुरत विचारले. मामांनी दिलेले उत्तर हीच खरी या विषयाची गुरुकिल्ली आहे. फोटोग्राफीच्या पहिल्या काळात लहान काचेवरून मोठा फोटो करण्याची सोय व्यवहारात नव्हती. काच कागदावर दाबून उन्हात ठेवायची, आणि जेवढी काच तेवढाच फोटो! बारा इंच लांबीचे चित्र हवे असेल तर बारा इंचांची काच हवी, आणि ती मावेल एवढा कॅमेराही. 12 बाय 10 इंचांची, दोन मिलिमीटर जाडीची काच घेतली तर नुसत्या शंभर काचांचे वजन अडतीस-एकोणचाळीस किलो होते. पेटी, कॅमेरा आणि रसायने वेगळीच.

रसायने तरी बरोबर का न्यायची? कारण 1851 साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेली ‘ओल्या काचेची’ रीत. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव हलक्या हाताने पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश दाखवायचा, आणि ओली असतानाच अंधारात हिराकसाच्या पाण्याने चित्र उमटवायचे. दहापंधरा मिनिटांत काच वाळली की सारा खटाटोप फुकट! कलोडियनमध्ये असते ईथर, आणि आपल्या उन्हात ते भराभर उडून जाते. म्हणून छायाचित्रकार जाईल तिथे त्याच्याबरोबर काळा तंबू, बाटल्या, तबके आणि धुण्यासाठी पाणी अशी अख्खी डार्करूम चालत जाई.

मुंबईला या विद्येचे वेड फार लवकर लागले. 1854 साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या माणसाला रसायनांची भीती ती काय असणार? 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 ते 1858 या काळात येथूनच छायाचित्रांची एक मासिक मालिका काढली, आणि तिच्यात नारायण दाजींचीही चित्रे होती. बोरिवलीला तेव्हा आगगाडी नव्हती. ती पश्चिमेची लोकल 1867 साली विरारपर्यंत धावू लागली. त्याआधी साष्टीच्या जंगलात जायचे तर माहीमचा पूल ओलांडायचा, आणि पुढे बैलगाडी नाहीतर माणसाचे डोके!

हा एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवण्यात कितीतरी वर्षे घातली. त्या नकला लंडनला गेल्या, आणि 1866 साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. नकल एकच असते, ती गेली की गेली. पण त्याच गिलने पुढे लेण्यांची छायाचित्रे घेतली होती, आणि त्यांतली 74 चित्रे 1864 साली जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात छापून अनेक हातांत पोहोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारलाही चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि बिनचूक वाटू लागला होता. 1855 साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. ओझे जड होते खरे, पण त्या ओझ्याने आपला वारसा वाचवला.

मात्र ते ओझे वाहिले कोणी? सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार 1863 साली सिमल्याहून हिमालयात गेला तो तीसेक हमाल घेऊन. बोर्नचे नाव सारे जग जाणते. त्या तिसांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

आता पुन्हा बोरिवलीला येतो. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती सुचवली आणि तंबू-बाटल्यांचे लोढणे हळूहळू सुटले. आमच्या वेळी म्हणूनच फक्त कॅमेरा आणि काचा होत्या. तरीसुद्धा मामांना धाप लागली. स्टेशनाबाहेर त्यांनी जंगलातल्या पाड्यावरच्या एका माणसाला दोन रुपये ठरवून बरोबर घेतले. त्याने डोक्यावर चुंबळ ठेवली, तीवर पेटी चढवली, आणि आम्हा दोघांच्या पुढे असा चालू लागला की जणू पेटीत कापूसच भरला आहे.

लेण्यापाशी पोहोचल्यावर आधी आम्ही टाक्याचे पाणी प्यालो. कान्हेरीची खरी श्रीमंती या टाक्यांत आहे. लेण्यालेण्यापाशी खडकात खोदलेली टाकी, आणि पावसाचे पाणी त्यांत आणून सोडणारे चर! मामा म्हणाले, “ओल्या काचेच्या काळात इथे आलेल्याला हे टाके दिसले असेल ना, तेव्हा त्याने हात जोडले असतील बघ.”

मग तिवई रोवली. मामा काळ्या फडक्याखाली शिरले. घासलेल्या काचेवर चित्र उलटे दिसते. बुद्ध डोके खाली करून उभे! ओसरीत उजेड बेताचा, म्हणून भिंगावरची टोपी काढून सेकंद मोजायचे. सहा काचांवर सहा चित्रे घ्यायची होती. त्यांतली पाचच हाती लागली, आणि दोष सर्वस्वी माझा. वापरलेल्या स्लाइडीची बाजू मी पुन्हा मामांच्या हातात दिली, आणि घरी काच धुतल्यावर चैत्यगृहाचे खांब चक्क पायऱ्यांवर उभे राहिलेले दिसले! मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, इतके वाहून आणले ते काय याच्यासाठी?” ते शब्द मला रागापेक्षा अधिक लागले.

मूर्तीची उंची सुमारे बावीस फूट. ती फोटोत कळावी म्हणून मामांनी त्या वाटाड्याला तिच्या पायाशी उभे केले. “हलू नका हं,” एवढे सांगितले. तो बारा सेकंद हलला नाही. फोटोत त्याच्या पापणीचीसुद्धा रेघ स्पष्ट आहे.

याच लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख कोरलेले आहेत. रेल्वेचा इंजिनिअर एडवर्ड वेस्ट याने 1861 च्या सुमारास त्यांच्या नकला प्रसिद्ध केल्या. त्यांत राजे, व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी आहेतच; पण कल्याणचा सामिदत नावाचा एक सोनार आहे, त्याने पाण्याचे टाके दिले. कल्याणचाच नंद नावाचा एक लोहार आहे, त्याने वाट बांधून दिली. मला या दोघांचे फार कौतुक वाटते. वाट आणि पाणी! कॅमेरा घेऊन येणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते? अठराशे वर्षांपूर्वी ज्याने वाट दिली त्याचे नाव दगडावर राहिले, आणि त्या डोंगरात आमचे ओझे ज्याने वाहिले त्याचे नाव साध्या पुठ्ठ्यावरही राहिले नाही. मामांनी भिंगाचे भोक लिहिले, सेकंद लिहिले. माणूस तेवढा राहिला.

मामा आज नाहीत. त्यांना दोष देण्याचा मला अधिकारही नाही, कारण चारपाच मैल त्या माणसाच्या मागोमाग मीच चाललो होतो, आणि परतताना तिवईसुद्धा त्यानेच माझ्याकडून मागून घेतली होती. मी त्याला नाव विचारले नाही.

माझी नात तो फोटो बघत होती. तिचा कॅमेरा खिशात मावतो. तिने विचारले, “आजोबा, हे कोण?” मी क्षणभर थांबलो. मग पेन्सिल घेतली, फोटो उलटा केला आणि मामांच्या ओळीखाली एक ओळ लिहिली : ‘मूर्तीपाशी उभे आहेत ते बोरिवलीच्या पाड्यावरचे. हा कॅमेरा त्यांनी येथवर आणला.’