रूम सोडताना डिपॉझिट कापलं? जरीपटक्यातल्या किरायेदारांसाठी कायदा आणि वाट

मे आणि जून हे जरीपटक्यात सामान हलवण्याचे महिने. परीक्षा आटोपतात, बदल्या होतात, आणि कस्तुरबा नगर, दयानंद पार्क, नारा रोडच्या गल्ल्यांतून छोटा हत्ती गाद्या, कूलर आणि पुस्तकांची खोकी घेऊन निघतो. त्याच दिवशी मालक चावी घेतो, खोल्यांतून एक चक्कर मारतो आणि हिशेब सांगतो : पुताईचे आठ हजार, कूलरच्या खिडकीचे तीन हजार, साफसफाईचे एक हजार. वीस हजारांच्या डिपॉझिटमधले आठ हजार हातात पडतात आणि विषय संपतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी हे बारा हजार म्हणजे पुढच्या रूमचं डिपॉझिट असतं. तरीही बहुतेक जण गप्प बसतात. आम्हीही एकदा बसलो होतो. चार वर्षं राहिलेल्या घराच्या रंगाचे पैसे निमूट कापू दिले, तेही समाजशास्त्रात एम.ए. झालेलं असताना.

गप्प बसण्यामागे कोर्टाचा कंटाळा असतो, तसं आणखी एक कारण असतं. आडनाव सांगितल्याबरोबर "रूम आत्ताच गेली" हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना मिळालेल्या मालकाशी वाद घालायची भीती वाटते. ही भीती मनाचा खेळ नव्हे. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडला, त्यात दलित आणि मुस्लिम घरशोधकांना मिळणारा नकार नोंदवलेला आहे. पण जरीपटक्याचं चित्र एकरंगी नाही. फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांची ही वस्ती, शेजारी इंदोऱ्यासारखा बौद्धांचा मोठा भाग. मालक दोन्हीकडे आहेत, आणि डिपॉझिट कापणाऱ्यांत विहारात आपल्या शेजारी बसणारेही असतात. त्यांच्याशी बोलायला तर आणखी जड जातं.

पैसे कोणाचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५६ नुसार मालकाला अनामत घेता येते आणि ती किती घ्यावी याला या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. मात्र तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यावर कोर्टात बोट ठेवता येत नाही.

डिपॉझिट मालकाच्या ताब्यात असलं तरी ते परत करायचे पैसे आहेत. सरकारही तसंच धरतं. लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज हिशेबात घेतलं जातं आणि भाड्याबरोबर त्यावरही ०.२५ टक्के शुल्क लागतं. तुमचे पैसे मालकाकडे कमाई करतात हे सरकारला ठाऊक आहे. किरायेदाराला ते कोणी सांगत नाही.

म्हणून मालक जेव्हा कपात करतो, तेव्हा तो तुमच्याकडून नुकसानभरपाई मागत असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची मिळते. नुकसान काय झालं, ते तुमच्यामुळे झालं का आणि दुरुस्तीला किती लागले, हे दाखवणं मालकाचं काम. "अंदाजे" हा शब्द बिलात चालत नाही.

झीज आणि नुकसान

बहुतेक भांडण इथेच अडतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मधल्या खंड (एम) नुसार भाडेकरूने घर घेतलं तशा स्थितीत परत करायचं असतं, पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली आहे. हे कलम भाडेपट्ट्यासाठी असलं तरी लिव्ह अँड लायसन्सच्या छापील करारांतही बहुधा "स्वाभाविक झीज वगळून" अशी ओळ असते. आपल्या करारात ती शोधा.

तीन वर्षांत फिका पडलेला रंग, खाटेमागे भिंतीवर आलेली काळपट रेघ, बोअरच्या खाऱ्या पाण्याने गंजलेला नळ ही झीज. दारात मारलेली भोकं, फुटलेलं बेसिन, तुटलेली काच हे नुकसान. आदर्श कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे, तर नळाचे वॉशर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे अशी वाटणी केलेली आहे. ती आपल्याकडे बंधनकारक नाही, पण बोलणी करताना समोर ठेवायला उत्तम आहे.

नागपुरात खरी गोची कूलरची. मालकाच्या परवानगीने खिडकीत बसवलेला कूलर चार उन्हाळे चालला की खालच्या भिंतीला ओल धरतेच. गज तुम्ही न विचारता कापले असतील तर तो खर्च तुमचा. खिडकी आधीपासून कूलरची असेल आणि प्लास्टर पाण्याने फुगलं असेल, तर सगळा भार किरायेदारावर टाकणं बरोबर नाही. आम्ही तर सांगतो, जे आपल्या हातून बिघडलं ते आधीच मान्य करा. दीड हजार मान्य करणाऱ्याचं उरलेल्या साडेदहा हजारांबद्दलचं म्हणणं लोक ऐकून घेतात.

करारातच "घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहिलं असेल तर? ठरलेला खर्च म्हणून त्यावर सही केली असेल, तर बाजू कमकुवत होते, हे स्पष्ट सांगायला हवं. अट मोडल्याचा दंड म्हणून रक्कम लिहिली असेल तर करार अधिनियमाचं कलम ७४ लागतं : लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) आणि कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत हे तत्त्व आहे. दोन्ही खटले जमीन-मालमत्तेच्या व्यवहारांतले आहेत, घरभाड्याचे नव्हेत. पण जप्त केलेल्या रकमेबद्दलचा विचार तोच.

करार नोंदवलेलाच नसेल तर

जरीपटक्यात अजूनही अनेक खोल्या नोटरीच्या स्टॅम्पवर किंवा नुसत्या शब्दावर दिल्या जातात. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य दलाल बिनधास्त म्हणतो. महाराष्ट्रात ते चूक आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून कामाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाने उलट सिद्ध केलं तरच ते पडतं. कागद नाही म्हणून हरलो असं समजणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं. मात्र पैसे दिल्याचा पुरावा लागतो : बँकेची किंवा यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, पावती. मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं कलम ३१ नुसार मालकाला बंधनकारक आहे.

पत्र असं लिहा

फोनवर भांडू नका. स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोच सांभाळा, तेच व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर एवढाच पुरतो :

"दि. … रोजी मी आपलं घर रिकामं करून चावी दिली. माझ्या २०,००० रुपये अनामत रकमेतून आपण १२,००० रुपये कापले. त्यापैकी खिडकीच्या दुरुस्तीचे १,५०० रुपये मला मान्य आहेत. उरलेल्या १०,५०० रुपयांची बिलं आणि नुकसानीचे फोटो दाखवावेत, अन्यथा ही रक्कम पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. न केल्यास या पत्राच्या तारखेपासून व्याजासह रकमेची कायदेशीर मागणी करीन."

व्याजाचं वाक्य गाळू नका. व्याज अधिनियम, १९७८ नुसार व्याज मागणार असल्याचं लेखी कळवलं, तर त्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. मालक ओळखीचा असेल तर विहारातल्या एखाद्या ज्येष्ठांना मध्ये घ्यायला हरकत नाही. जे ठरेल ते मात्र कागदावर आणा.

वकील फुकट मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीत स्थान मिळालं, म्हणून जातीचा दाखला इथे थेट उपयोगी पडतो. शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला फाइलमध्ये पडून असतो. तो घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

तिथे दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायची विनंती करता येते. मालकाला नोटीस जाते, आणि आमच्या अनुभवात पुष्कळदा त्या नोटिशीनेच गाडी हलते. दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. जमलं नाही तर दिवाणी दावा. त्यासाठी मुदत साधारण तीन वर्षांची. पोलीस ठाण्यात डिपॉझिटची तक्रार नेली तर "दिवाणी बाब आहे" हेच उत्तर मिळतं.

पैसे वसूल करण्यासाठी मुदत संपल्यावरही चावी दाबून बसणं महागात पडतं : कलम २४ नुसार लायसन्स संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. तसंच पैशाच्या वादात अॅट्रॉसिटीची धमकी देऊ नका. चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्याची तारीख, जागा आणि साक्षीदार लिहून स्वतंत्र तक्रार करा आणि डिपॉझिटची तडजोड म्हणून ती मागे घेऊ नका.

नवीन रूम घेताना सामान आत नेण्याआधी पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा : भिंती, नळ, मीटरचं रीडिंग, आणि कूलरची खिडकी आतून-बाहेरून. सोडताना तोच फेरा पुन्हा, शक्यतो मालकासमोर, आणि चावी दिल्याची तारीख मेसेजवर लिहून घ्या.