मोहाची फुले आणि पोराच्या हातातली बाटली

आमच्या भंडारा जिल्ह्यात चैत्र लागला की पहाटे मोहाच्या झाडाखाली बायकापोरांची लगबग सुरू होते. पडलेली फुले टोपलीत वेचायची आणि अंगणात वाळवायची. त्यातली काही खाण्यात जातात, काही गुरांपुढे. उरल्यासुरल्यांचे काय होते ते वाचकांना सांगायला नको!

याच फुलांपायी सरकार आमच्या घरात शिरले, ते आबकारी खात्याच्या रूपाने. इंग्रजी अमदानीत दारू गाळण्या-विकण्याचे हक्क लिलावात जात आणि घरच्या चुलीवर भांडे चढवणारा चोर ठरे. १९१५ चा मध्यप्रांताचा आबकारी कायदाही त्याच वळणाचा. माणूस बुडाला तरी चालेल, तिजोरी बुडता कामा नये, असा एकंदर खाक्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आम्हांलाही लागू झाला. पुढे बंदी सैल झाली, परवाना तेवढा उरला. दारूबंदीच्या कायद्याने पिण्याचे परवाने द्यावेत, हा विनोद आपल्याकडेच शोभतो. असो. या परवान्याला वयाची अट आहे: बिअरला २१ वर्षे, कडक दारूला २५.

मग सतरा वर्षांच्या पोराने प्याली तर? त्याला तुरुंगात टाकता येत नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळ समज देईल, समुपदेशनाला पाठवील, समाजसेवा करायला लावील. दंड मात्र आईबापांनाही भरायला सांगू शकते आणि चांगल्या वर्तणुकीची हमी त्यांच्याकडून लिहून घेऊ शकते.

पण कायद्याची खरी नजर वळली ती पाजणाऱ्याकडे. २००० च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. २०१५ च्या कायद्याने ती सात वर्षांपर्यंत नेली, वर एक लाखापर्यंत दंड. डॉक्टरने औषध म्हणून सांगितली असेल तर गोष्ट निराळी. देणारा दुकानदारच असला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. लग्नाच्या मांडवामागे भाच्याला 'घे रे थोडी' म्हणणारा मामाही त्यात आला.

हे कागदावरच राहील असे वाटत होते, तोच १९ मे २०२४ ची पहाट उजाडली. पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलगा प्यालेला होता, असे पोलिसांचे म्हणणे. मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला आणि देशभर गहजब झाला. मग बापाला अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून पुढे आईलाही. २५ जूनला उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडले, तेव्हा आईबाप दोघेही कोठडीत होते.

आमच्याकडे अशा मोटारी नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी पडवीत बसून बाप पोराच्या हातात रिकामी बाटली आणि नोट देतो, 'जा, पटकन घेऊन ये' म्हणतो. त्यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. मुलाकरवी दारूची ने-आण करवणे हा २०१५ च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. पोरगे एक थेंबही न चाखता घरी परतले, तरीही.