सफरचंदावरील कडू डाग

विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील सफरचंदे हजारो मैलांचा सागरी प्रवास करून इंग्लंडच्या बाजारात जात. बागेत निर्दोष दिसलेल्या फळांवर पेटी उघडताना पुष्कळदा तपकिरी खळगे आढळत व त्यांखालील गर कडवट लागे. नुकसान बागाईतदाराच्या माथी येई. या विकाराचे नाव ‘बिटर पिट’. त्याच्या शोधासाठी १९११ मध्ये डॅनियल मॅकअल्पाइन या वनस्पतिरोगतज्ज्ञांची नेमणूक झाली. त्यांनी पाच अहवाल सिद्ध केले. तथापि मूळ कारण हाती आले नाही.

१९३६ मध्ये कॅनडातील डीलाँग यांनी अशाच डागाळलेल्या फळांच्या राखेचे पृथक्करण केले, तेव्हा कॅल्शियमची उणीव दिसून आली. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतील गार्मन व मॅथिस यांनी कॅल्शियमच्या फवारणीने विकार आटोक्यात येतो, हे दाखविले.

या कथेत नत्राचाही भाग आहे. नत्र अधिक झाले की पाने माजतात व फळ मोठे होते. परंतु दाट सावलीत त्यावर लाली चढत नाही. शिवाय मुळांतून पाण्याबरोबर येणारे कॅल्शियम पानेच ओढून घेतात, आणि तेथून ते फळाकडे सहसा परतत नाही. म्हणजे फिका रंग व कडू डाग ही पुष्कळदा एकाच अतिरेकाची लक्षणे होत.

आज निर्यातीच्या अनेक बागांत साठवणीपूर्वी फळांतील कॅल्शियम मोजतात. जो दोष पूर्वी परक्या बंदरात उघडा पडे, त्याची सूचना आता झाडापाशीच मिळू शकते.