जुनी लेन्स पारखताना

बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावातील छायाचित्रकार लग्नसराईपूर्वी मुंबईच्या बोरा बाजारातून वापरलेली लेन्स आणतो, तेव्हा त्याची हंगामाची कमाई त्या काचेवर अवलंबून असते. म्हणूनच पैसे देण्यापूर्वी पारख आवश्यक ठरते.

त्यासाठी लहान विजेरी पुरते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागील बाजूने तिरपा प्रकाश टाकावा. या प्रकाशात धुळीचे कण ठळक दिसतात. ते थोडे असल्यास चित्रावर परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे मात्र बुरशीचे असतात. मुंबई-कोकणातील दमट हवा तिला पोषक ठरते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तिची वाढ मंदावते. पण लेपावर व काचेवर तिने पाडलेले व्रण सफाईनंतरही राहतात.

आतील काचेवर दुधी झाक असल्यास उजेडाकडे रोखून टिपलेले चित्र फिके पडते. कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसल्यास चिकटवलेली भिंगे सुटू लागली, असे समजावे. पुढील काचेवरील बारीक ओरखडा सहसा चालतो. मागील काचेवरचा अधिक घातक ठरतो.

अखेरीस तिवईवर कॅमेरा ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे राखून, विटांच्या भिंतीचे समोरून चित्र घ्यावे. चारही कोपरे सारखेच अस्पष्ट असतील, तर तो बहुधा लेन्सच्या रचनेचा गुण. एकच कोपरा अंधूक असेल, तर एखादे भिंग मध्यापासून सरकलेले असू शकते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली, तरी अंती महागच पडते.